गाडीची खडखड : दुखणं कुठलं, उपाय कशावर?

मावशीची मारुती 800 या दिवाळीत नागपूरला जाणार की नाही, यावरून रायपूरच्या घरात दोन तट पडले होते. गाडी 2008 सालची. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओकडून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली. इंजिन अजून एका किल्लीत सुरू होतं. तक्रार एकच. रस्ता जरा खराब लागला की पुढून ‘खट-खट’ असा आवाज येई आणि स्टिअरिंग हातात थरथरे. काका म्हणत, ‘‘विकून टाका.’’ मावशी म्हणे, ‘‘तीनशे किलोमीटरचं माहेर आहे माझं, बसने किती वेळा जाऊ?’’

खरं म्हणजे या आवाजावर एकदा इलाज झाला होता. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही शॉकअप बदलून दिले होते. बिल चुकतं केलं, गाडी घरी आणली आणि गल्लीच्या तोंडाशीच पुन्हा खट-खट! आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

रायपूरला गाड्यांची ही दुखणी नवी नाहीत. आसपासची काळी ‘कन्हार’ माती पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते. त्यावरचे लहान रस्ते लाटांसारखे होतात. उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा गाडीखालचं रबर कडक होऊन चिरतं. त्यात या गाडीची चाकं फक्त बारा इंची. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून सहज निघून जातं, त्यात छोटं चाक पुरतं उतरतं नि आदळतं.

शेवटी टाटीबंधकडचा एक वयस्क मिस्त्री सापडला. त्याने पाना हातात घेतलाच नाही. ‘‘आंटीजी, पहले आवाज सुनते हैं,’’ म्हणत तो मावशीच्या शेजारी बसला. काचा खाली, रेडिओ बंद. एक चक्कर गतिरोधकांवरून, एक बारीक खडीवरून. मग उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. त्या अर्ध्या तासात मी जे शिकले, ते कुठल्याही छोट्या गाडीच्या मालकाला उपयोगी पडावं.

स्प्रिंग आणि शॉकअप ही दोन वेगळी माणसं आहेत. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. पण दाबलेली स्प्रिंग सोडली की ती झोके घेत राहते. ते झोके थांबवण्याचं काम शॉकअपचं, जणू पाळणा आवरणारा हात. त्याच्या आत तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन जिरते. तेल गळून गेलं की हात लुळा पडतो. मग गाडी होडीसारखी डुलते, ब्रेक मारताच नाक खाली खुपसते आणि चाक रस्ता धरून ठेवत नसल्याने थांबायला जास्त अंतर लागतं. टायरवर जागोजागी खळगे पडतात. शॉकअपच्या नळीवर ओला, धुळीने माखलेला तेलाचा थर दिसला तर शंका नको.

घरी करता येण्यासारखी परीक्षा सोपी आहे. बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही तळव्यांनी जोर देऊन सोडा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक, दोन-तीन झोके घेतले तर शॉकअप संपला. अर्धवट झिजलेला मात्र या परीक्षेत पास होतो, हेही मिस्त्रीनेच सांगितलं. गाडी एका कोपऱ्यात खाली बसलेली वाटत असेल, तर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. फरक मोठा असेल तर स्प्रिंग बसली किंवा तुटली आहे.

पण मावशीच्या गाडीत डोलणं नव्हतंच! होती ती लहान खड्ड्यांवरची कोरडी खट-खट. हा आवाज बहुतेक वेळा सांध्यांचा असतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना कुरकुर झाली असती तर संशय शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर गेला असता. तीही झाली नाही.

मिस्त्रीने गाडी उचलली, खाली पक्के स्टँड लावले (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये), आणि लोखंडी पहारीने एकेक सांधा हलवून पाहिला. पुढच्या स्टॅबिलायझर बारचे रबरी बुश भुगा झाले होते. बार लोखंडावर आपटत होता. आवाज तोच. बुशची किंमत एका वेळच्या हॉटेलातल्या जेवणाहून कमी.

मग त्याने डावं चाक वर-खाली धरून हलवलं. चाक बारीकसं खेळलं. बॉल जॉइंट ढिला. इथे त्याचा चेहरा गंभीर झाला. बुश झिजला तर कान दुखतात, पण बॉल जॉइंट निसटला तर चालत्या गाडीचं चाक बाहेर दुमडतं. शंभर किलोमीटर आधी की नंतर, ते कुणी सांगत नाही. मावशी गप्प झाली. गेले चार महिने ती याच गाडीतून नातवाला शाळेत सोडत होती.

दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट नि सगळे बुश बदलले. अशा वस्तू जोडीनेच बदलाव्यात, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घेतलं. काकांना घरीच हे काम करायची हौस आली होती, त्यांना मिस्त्रीने हटकलं. पुढच्या शॉकअपभोवतीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. वरचा नट अवजाराविना सोडला तर ती उसळून जीव घेऊ शकते. जुने भाग मात्र त्याने न मागता पिशवीत घालून दिले. गॅरेजमधून निघताना ते मागून घेण्याची सवय आपण सगळ्यांनीच लावून घ्यायला हरकत नाही.

वसुबारसेच्या सकाळी गाडी निघाली. राजनांदगाव मागे टाकून देवरीला चहाला थांबल्यावर मावशीचा फोन आला. म्हणाली, ‘‘आता मागच्या सीटवरच्या डब्यातले लाडू तेवढे खडखडतायत.’’