परवलीचा शब्द आणि देवडीवरचा पहारा

जुन्या वाड्यात शिरावयाचे झाले की प्रथम देवडी लागे. आलेला मनुष्य कोण, त्याचे काम काय, त्यास आत सोडावयाचे की नाही, याचा निवाडा तेथेच होई. सदरेवरील कारकून, कोठीवाला, मुदपाकखान्यातील आचारी या प्रत्येकाने आपापल्या परीने ही चौकशी करावी, अशी रीत नसे. तशी ती असती तर वाड्याचा बंदोबस्त एका दिवसात मोडला असता. आजच्या संगणकातही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो, आणि त्याचे उत्तरही बरेचसे असेच आहे.

एखाद्या कचेरीत वा विद्यालयात रोजच्या कामासाठी पायथनसारख्या स्क्रिप्टिंग भाषेत एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला जातो. नाव आणि परवलीचा शब्द विचारावा, ते खरे असल्यास दप्तर उघडून द्यावे, एवढेच त्याचे काम. संगणकावर प्रत्येकाचे खाते आधीच असते. मग त्याच खात्याचा परवलीचा शब्द येथेही चालावा, ही अपेक्षा रास्तच होय. परंतु तो शब्द खरा की खोटा, हे ठरवावयाचे कोणी? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ही तपासणी स्वतःच्या हाती घेण्याचा मोह येथेच होतो.

तो मोह का टाळावा, हे इतिहासावरून कळते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६१ साली दाखविण्यात आलेल्या सीटीएसएस या प्रणालीत परवलीचे शब्द एका फाइलमध्ये जसेच्या तसे ठेवलेले असत. पुढे एके दिवशी दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करीत असता त्यांची अदलाबदल झाली, आणि त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द येणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात उमटले. कोणी चोरी केली नव्हती. शब्द उघडे ठेवले होते, एवढेच.

युनिक्स प्रणालीच्या कर्त्यांनी यावर उपाय योजला. मूळ शब्द साठवावयाचाच नाही. त्यावर एकेरी गणिती संस्कार करून निघालेली अक्षरे तेवढी ठेवावयाची. त्या अक्षरांवरून मूळ शब्द उलगडत नाही. मात्र नव्याने दिलेल्या शब्दावर तोच संस्कार करून दोन्ही फले ताडून पाहता येतात. दोघांचा शब्द योगायोगाने एकच असला तरी फल निराळे निघावे म्हणून त्यात चिमूटभर ‘मीठ’, म्हणजे यादृच्छिक अक्षरे, मिसळावयाची. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली हा सारा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१ शब्द सहज हुडकता येण्याजोगे होते! म्हणूनच पुढे ही संस्कारित अक्षरेही सर्वांना दिसणाऱ्या फाइलीतून काढून ‘शॅडो’ नावाच्या निराळ्या फाइलीत ठेवण्यात आली. सामान्य प्रोग्रॅमला ती वाचता येत नाही. तो अधिकार ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचा.

आता कोणी म्हणेल, प्रोग्रॅमने शॅडो फाइल वाचावी आणि ताडून पाहावे. पायथनमध्ये याकरिता ‘एसपीडब्ल्यूडी’ आणि ‘क्रिप्ट’ अशी दोन साधने होतीही; २०२४ साली निघालेल्या ३.१३ या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. कारण उघड आहे. ही फाइल वाचावयाची तर सगळ्या प्रोग्रॅमला रूटचा अधिकार द्यावा लागतो. शिवाय आज पुष्कळ संस्थांतून खाती त्या संगणकावर नसतातच. ती मध्यवर्ती सूचीत असतात, आणि परवलीच्या शब्दाबरोबर भ्रमणध्वनीवरील क्षणिक अंकही मागितला जातो. शॅडो फाइलवर विसंबणाऱ्या प्रोग्रॅमला यातले काहीच ठाऊक नसते. देवडी टाळून मागच्या दाराने आत येण्याचाच हा प्रकार होय.

देवडीचे काम एका ठिकाणी आणण्याची योजना सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील विपिन समर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडली. ‘प्लगेबल ऑथेंटिकेशन मॉड्यूल्स’, संक्षेपाने ‘पॅम’, हे तिचे नाव. सोलारिस, लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस अशा अनेक प्रणालींत ती आज रुळलेली आहे. पॅम ही प्रणालीची एक लायब्ररी आहे. प्रोग्रॅम तिला एवढेच विचारतो, की हा मनुष्य खरा काय? ते कसे ठरवावयाचे याचे नियम व्यवस्थापक एका साध्या फाइलीत लिहून ठेवतो. उद्या नियम बदलले तरी प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही.

पॅमने कामाची चार खाती पाडली आहेत. पहिले ओळख पटविण्याचे. दुसरे त्या खात्यास या घटकेस प्रवेशाची मुभा आहे की नाही हे पाहण्याचे. तिसरे परवलीचा शब्द बदलण्याचे. आणि चौथे सत्र सुरू करण्याचे व संपविण्याचे. प्रत्येक खात्यात मॉड्यूलांची एक ओळ असते आणि प्रत्येकाच्या मताला किती वजन द्यावे तेही ठरलेले असते. ‘रिक्वायर्ड’ म्हटलेले मॉड्यूल नाकारते तेव्हा निकाल प्रतिकूल ठरतो, तरीही पुढील मॉड्यूले चालविली जातात. कोठे अडले याचा सुगावा परक्यास लागू नये, हा त्यातील हेतू. ‘रिक्विझिट’ने नाकारले तर काम तेथेच थांबते. ‘सफिशंट’ने होकार दिला आणि आधीच्या कोणत्याही रिक्वायर्डने नकार दिलेला नसला, तर पुढे विचारण्याचे कारण उरत नाही.

पायथनमधून ही लायब्ररी वापरताना प्रथम ‘पॅम स्टार्ट’ला सेवेचे नाव, मनुष्याचे नाव आणि एक संभाषण-फलन द्यावे लागते. हे संभाषण म्हणजे लायब्ररीने उलट प्रोग्रॅमला विचारलेले प्रश्न. काही प्रश्नांची उत्तरे पडद्यावर दिसू द्यावयाची नसतात, काहींची दिसली तरी चालतात. काही वेळा नुसती सूचना वा चुकीचा इशारा येतो. प्रत्येक प्रश्नाला परवलीचा शब्दच ठोकून देणारा प्रोग्रॅम, क्षणिक अंक विचारला गेला की अडतो. आणखी एक बारकावा असा, की उत्तरासाठी दिलेली स्मृती लायब्ररी स्वतः मोकळी करते. म्हणून ती सी भाषेच्या रीतीनेच मागून घ्यावी लागते. पायथनची स्वतःची स्मृती तिच्या हाती दिल्यास प्रोग्रॅम कोसळतो.

त्यानंतर ‘पॅम ऑथेंटिकेट’ने ओळख पटते, आणि पुष्कळ प्रोग्रॅम येथेच थांबतात. सर्वांत मोठा धोका तो हाच. एखादा कर्मचारी सेवानिवृत्त झाला व व्यवस्थापकाने त्याच्या खात्याची मुदत त्या दिवशी संपविली, असे समजू. त्याचा परवलीचा शब्द अद्याप बरोबरच आहे. ओळख विचारली तर ‘होय, तोच हा’ असे उत्तर येईल. त्याला आज प्रवेश आहे काय, हा प्रश्न निराळा, आणि तो दुसऱ्या खात्याचा. तो ‘पॅम अकाउंट मॅनेजमेंट’ या हाकेने विचारावा लागतो. ती हाक राहून गेली तर वर्षापूर्वी गेलेला मनुष्य आजही पगारपत्रके वा रुग्णांच्या नोंदी उघडू शकतो, आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. ओळख आणि अधिकार या दोन गोष्टी आहेत, हे विसरता कामा नये. काम झाल्यावर ‘पॅम एंड’ने व्यवहार मिटवावा, म्हणजे काही मागे राहत नाही.

अधिकाराचा एक प्रश्न तरीही उरतो. लिनक्सवर सामान्य खात्याने चालणाऱ्या प्रोग्रॅमला, शॅडो फाइलीपुरते बोलावयाचे तर, स्वतःच्या खात्याचाच शब्द तपासता येतो, इतरांचा नाही. अशा वेळी शॅडो फाइल सर्वांना खुली करणे किंवा सगळा प्रोग्रॅम रूटच्या नावाने चालविणे, हे दोन्ही मार्ग घातक होत. तपासणीपुरता एक लहानसा वेगळा सेवक रूटच्या अधिकाराने ठेवावा आणि मुख्य प्रोग्रॅमने त्याच्याकडून केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर घ्यावे, हे उत्तम.

राहिलेली पथ्ये साधी आहेत. परवलीचा शब्द आज्ञेच्या ओळीत लिहून देऊ नये, कारण चालू कामांच्या यादीत तो इतरांस दिसू शकतो. तो नोंदवहीतही उतरू देऊ नये. नाव चुकले की शब्द चुकला, हे परक्यास सांगू नये. प्रवेश नाही, एवढेच सांगावे. लहान प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातीही इतरांची खाजगी दप्तरे असतात. त्याने देवडीवरचे काम देवडीकडेच सोपवावे. मात्र तेथे विचारावयाचे दोन्ही प्रश्न विचारल्यावाचून कोणासही आत सोडू नये.