मिठावर उभे राहिलेले नगर : टॅलिन

व्यापारानिमित्त युरोपला जाणे आता आपल्या समाजातील कुटुंबांना नवे राहिलेले नाही. कोणी हिऱ्यांसाठी अँटवर्पला जातो, कोणी यंत्रसामग्रीसाठी जर्मनीला, तर कोणी प्रदर्शनासाठी मिलानला. अशा दौऱ्याच्या अखेरीस दोन-तीन दिवस मोकळे उरतात. सोबतीला घरचे कोणी नसते, आणि ते दिवस बहुधा दुकाने पाहण्यात किंवा हॉटेलच्या खोलीत निघून जातात. हे दिवस एकट्यानेच, पण कारणी लावायचे असतील, तर बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया या छोट्या देशाची राजधानी टॅलिन अवश्य पाहावी. व्यापारी घराण्यातील माणसाला या शहरात ओळखीचे असे बरेच काही भेटते.

टॅलिन फिनलंडच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर वसले आहे. पलीकडच्या तीरावरील हेलसिंकी सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि मोठे प्रवासी जहाज दोन तासांत तेथून येथे पोहोचते. देश शेंगेन व्यवस्थेत असल्याने त्याच व्हिसावर येता येते. २०११ पासून चलनही युरोच आहे. तटबंदी आणि बुरुजांनी वेढलेले जुने शहर १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ते पायी हिंडण्याजोगे लहान आहे. मात्र रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे आणि चढउताराचे असल्याने पायांत चांगले बूट हवेत.

टॅलिन मिठावर उभारले आहे, असे तेथे परंपरेने म्हटले जाते. १२१९ मध्ये डेन्मार्कच्या राजाने ही टेकडी जिंकली, १२४८ मध्ये शहराला ल्यूबेकचा नगरकायदा मिळाला आणि १२८५ मध्ये ते हान्सा या व्यापारी नगरांच्या संघात सामील झाले. बाल्टिकचे पाणी फार कमी खारट आणि तेथील ऊन दुबळे. कोकणपट्टीसारखी मिठागरे तेथे होणे नाही. त्यामुळे पश्चिमेकडून जहाजांनी येणारे मीठ सोन्यासारखे मोलाचे होते. मीठ आणि कापड पूर्वेला नोव्हगोरोदकडे जाई, तिकडून मेण आणि लोकरी कातडी येत, आणि आसपासच्या शेतांतील राय धान्य पश्चिमेला रवाना होई. पिंपांत भरून येणाऱ्या खारींच्या कातड्यांचा उल्लेख वाचताना जैन वाचक क्षणभर थबकतो. पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य का सांगितले, हे अशा ठिकाणी पोथीबाहेर उमगते.

या संपत्तीच्या खुणा अजून उभ्या आहेत. मध्यवर्ती चौकातील नगरभवन १४०४ मध्ये पूर्ण झाले. जवळच १४१० मध्ये बांधलेले महाश्रेणीचे सभागृह आहे. आज त्यात इतिहास संग्रहालय आहे. या श्रेणीत विवाहित, प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनाच प्रवेश असे. अविवाहित तरुण व्यापाऱ्यांचा संघ निराळा होता आणि त्याची वास्तू त्याच पिक्क रस्त्यावर आहे. घरसंसार मांडलेल्या माणसाच्या शब्दावर बाजार अधिक विश्वास ठेवतो, ही समजूत आपल्या पेढ्यांवरही ऐकू येते.

चौकाच्या कोपऱ्यावरील औषधालयाचा लेखी उल्लेख १४२२ चा आहे आणि ते आजही चालू आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बुर्खार्ट घराण्याकडे आले आणि दहा पिढ्या, तीनशेहून अधिक वर्षे, त्याच घराण्याने चालवले. थोरल्या मुलाचे नाव योहान ठेवायचे आणि त्याने गल्ला सांभाळायचा, अशी त्यांची रीत होती. पुढे ते घराण्याच्या हातून गेले. दुकान राहिले, मालक बदलले. मुलगा धंद्यात येईल की नाही, या चिंतेत असलेल्या पित्याने त्या जुन्या लाकडी कपाटांसमोर दहा मिनिटे जरूर उभे राहावे.

एकट्या जैन प्रवाशाची खरी कसोटी मात्र आहारात लागते. अँटवर्पसारखे जिनालय किंवा ओळखीचे घर येथे गृहीत धरता येत नाही. मासे आणि मांस हे इथले नित्याचे अन्न. शाकाहारी उपाहारगृहे मिळतात, पण बटाटा, कांदा, गाजर आणि बीट जवळजवळ सर्वत्र असतात. राय धान्याची काळी भाकरी ही या लोकांची अस्मिता आहे. जेवायला बसलेल्याला ‘तुझी भाकरी पुरून उरो’ अशा अर्थाच्या शुभेच्छा देतात, आणि खाली पडलेला तुकडा उचलून त्याचे चुंबन घेण्याची जुनी रीत आहे. अन्नाविषयीचा हा आदर मनाला भिडतो. पण भाकरी आंबवलेल्या पिठाची असते आणि दिवसेंदिवस टिकते, म्हणून वासी न घेणाऱ्यांना ती वर्ज्यच. ‘कामा’ नावाचे भाजलेल्या धान्यांचे पीठ आपल्या सातूच्या पिठाची आठवण करून देते. त्यात सातू, राय, ओट यांबरोबर वाटाणाही असतो आणि ते बहुधा ताकासारख्या आंबट दुधात कालवतात. म्हणजे द्विदलाचा दोष आलाच! बदाम आणि साखरेचे मार्झिपान ही इथली ख्यातीची मिठाई आहे. १८६४ मध्ये सुरू झालेल्या मायास्मोक्क या उपाहारगृहात ती पाहायला मिळते. घेण्यापूर्वी अंड्याविषयी विचारून घ्यावे. खाखरे, भाजलेले मूग आणि सुका मेवा सोबत असला तर तीन दिवस निर्धास्त जातात.

त्याहून सूक्ष्म प्रश्न सूर्याचा आहे. जूनच्या अखेरीस येथे सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री सुमारे पावणेअकराला मावळतो. डिसेंबरात तो सव्वानऊच्या सुमारास उगवून दुपारी सव्वातीन-साडेतीनलाच मावळतो. म्हणजे हिवाळ्यात नवकारशी दहा वाजता आणि चौविहार तीनला. मधले जेमतेम पाच तास. उन्हाळ्यात उलट आहे. रात्री दहाला भोजन केले तरी रात्रिभोजनाचा दोष अक्षरशः लागत नाही. मग नियम सूर्याचा की संयमाचा? घरी असताना हा प्रश्न पडत नाही, कारण तेथे आई हाक मारते, घरचे सगळे एकत्र पानावर बसतात. येथे हाक मारणारे कोणी नाही आणि पाहणारेही कोणी नाही. उजेड असूनही ठरलेल्या वेळी पात्र उपडे करणारा माणूस ऊणोदरीचा अर्थ त्या संध्याकाळी नव्याने शिकतो.

जुन्या शहरातून पूर्वेकडे निघाले की पीटर द ग्रेटने १७१८ मध्ये बांधायला घेतलेल्या राजवाड्याचे काद्रिओर्ग उद्यान लागते. पुढे समुद्राकाठच्या उतारावर गीत महोत्सवाचे विशाल मैदान आहे. हजारो गायकांच्या समूहगायनाची ही परंपरा १८६९ पासूनची. १९८८ च्या उन्हाळ्यात याच मैदानात लोक रात्रीमागून रात्री जमले आणि सोव्हिएत सत्तेखाली निषिद्ध असलेली देशगीते गाऊ लागले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी टॅलिनपासून रीगामार्गे व्हिल्नियसपर्यंत, ६०० किलोमीटरहून लांब, सुमारे २० लाख माणसांनी हातात हात घेऊन साखळी केली. २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले. शेजारच्या दोन्ही देशांत त्या वर्षी रक्त सांडले. येथे एकाचाही बळी गेला नाही. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्याने त्या रिकाम्या मैदानावर थोडा वेळ शांत बसावे, एवढे तरी या लोकांचे आपल्यावर ऋण आहे.

किनाऱ्याची वाट पुढे पिरिता येथे जाते. तेथे संत ब्रिगिटा मठाचे भग्नावशेष आहेत. १४०७ च्या सुमारास टॅलिनच्या व्यापाऱ्यांनीच या मठाचा पाया घातला. १४३६ मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. मीठ आणि मेणाच्या नफ्यातून त्यांनी साधू-साध्वींसाठी निवास उभा केला, जसे आपल्याकडे श्रेष्ठींनी उपाश्रय उभे केले. १५७७ मध्ये रशियाच्या झारच्या सैन्याने तो उद्ध्वस्त केला. आज छप्पर नाही. चार भिंती आणि पश्चिमेची उंच त्रिकोणी भिंत तेवढी आकाशात उभी आहे. त्या व्यापाऱ्यांच्या वखारी कोणाच्या झाल्या, कातड्यांचे हिशेब कुठे गेले, याची चौकशी आता कोणी करत नाही. दान दिलेल्या जागेचे दगड पाहायला मात्र दूरदेशीचा प्रवासी येतो.

बारा भावनांपैकी एकत्व भावना प्रतिक्रमणात अनेकदा उच्चारली जाते : जीव एकटाच येतो, एकटाच जातो. कुटुंबाच्या गजबजाटात हे शब्द ओठांवरच राहतात. पिरिताच्या दगडावर, मावळायला तयार नसलेल्या उन्हात, मोबाइल बंद करून अठ्ठेचाळीस मिनिटांचे एक सामायिक करावे. नंतर शहराकडे परतणारी बस मिळते, आणि दुसऱ्या दिवशी घरची वाट.