तळ्याच्या गाळातील साक्ष : जीवाश्म डायाटम आणि आम्लतेचा इतिहास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वे व स्वीडनमधील अनेक तळ्यांतील मासे नाहीसे झाले. ब्रिटनसह इतर औद्योगिक देशांतील कोळशाच्या धुरामुळे आपल्याकडे आम्ल पर्जन्य होते, असा या देशांचा आक्षेप होता. नॉर्वेचेच भूवैज्ञानिक रोझेनक्विस्ट यांनी मात्र वेगळे कारण मांडले. डोंगरावरील चराई व शेती कमी झाल्याने झुडपे माजली, जमीन आम्लधर्मी बनली आणि तळी बिघडली, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोष धुराचा की जमिनीचा, हे ठरविण्यासाठी गेल्या दीडशे वर्षांतील पाण्याचा सामू (पीएच) माहीत हवा होता. परंतु सामूची मोजपट्टीच १९०९ साली अस्तित्वात आली. त्यापूर्वीच्या नोंदी असणार कोठून?

ही नोंद डायाटम या एकपेशीय शैवालांनी ठेवली होती. मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात आणि हे नाव समर्पक आहे. कारण त्यांचे सिलिकायुक्त कवच डबी व झाकण यांप्रमाणे दोन भागांचे असते. पेशी मेल्यावर कवच तळाशी बसते व गाळात टिकून राहते. प्रत्येक जातीच्या कवचावरील नक्षी निराळी असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखता येते. शिवाय प्रत्येक जातीला विशिष्ट सामूचे पाणी मानवते. हुस्टेट यांनी १९३० च्या दशकातच या आधारे जातींचे वर्गीकरण केले होते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फ्लॉवर व बॅटरबी यांनी नैर्ऋत्य स्कॉटलंडमधील राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड या तळ्याची निवड केली. तेथील खडक ग्रॅनाइटचा असल्याने आम्लाचे उदासिनीकरण करण्याची पाण्याची क्षमता अल्प होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या पाणलोट क्षेत्रात वृक्षलागवड झालेली नव्हती. नळीने काढलेल्या गाळाच्या स्तंभाचे पातळ थर कापावयाचे, हायड्रोजन पेरॉक्साइडने त्यांतील सेंद्रिय द्रव्य नष्ट करावयाचे आणि उरलेली शेकडो कवचे एकेक करून मोजावयाची, अशी ही चिकाटीची पद्धत आहे. थरांचे वय शिसे-२१० या समस्थानिकावरून ठरते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे असल्याने गेल्या शतक-दीड शतकासाठी ते सोयीचे पडते.

१९८३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रॅकिसायरा व्हिट्रिया ही जाती घटू लागली. पुढे टॅबेलारिया क्वाड्रिसेप्टाटासारख्या आम्लप्रिय जाती वाढल्या. सामू सुमारे ५.५ वरून ४.७ च्या आसपास उतरला होता. आकड्यात हा फरक किरकोळ वाटतो. पण ही मोजपट्टी लॉगरिथमी असल्याने हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे सहापट झाले, असा त्याचा अर्थ होतो. कोळशाच्या ज्वलनातून येणारे कार्बनयुक्त सूक्ष्म कणही अलीकडच्या थरांतच सापडले.

तरीही जमिनीचा सिद्धान्त पूर्णपणे खोडला गेला नव्हता. त्याची कसोटी १९८६ साली याच तळ्यातील अधिक खोल गाळावर घेण्यात आली. हजारो वर्षांपूर्वी तेथे जंगल हटून पीटची दलदल व झुडपे पसरल्याचे परागकणांवरून दिसते. म्हणजे रोझेनक्विस्ट यांना अभिप्रेत असलेला बदल निसर्गात आधीच घडून गेला होता. पण तेव्हा सामू विसाव्या शतकाइतका खाली गेलाच नव्हता. प्रस्तुत लेखकास या अन्वेषणाचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण येथे प्रतिपक्षाच्या म्हणण्याची परीक्षा त्याच्याच अटींवर झाली.

या पद्धतीला मर्यादा आहेत. तळातील किडे गाळ ढवळतात व थरांची सरमिसळ होते. अल्कधर्मी पाण्यात कवचे विरघळतात. तसेच जाती व सामू यांचे गणित ज्या प्रदेशातील तळ्यांवरून बसविले, तेथेच ते विश्वासार्ह ठरते. स्कॉटलंडच्या ग्रॅनाइटवरील कोष्टक दख्खनच्या बेसाल्टवरील जलाशयांना जसेच्या तसे लावता येणार नाही.

ब्रिटनमधील गंधकाचे उत्सर्जन पुढे मोठ्या प्रमाणात घटले. १९८८ पासून या तळ्याच्या पाण्याची नियमित तपासणी होत असून त्याची आम्लता कमी झाली आहे. मात्र १८५० पूर्वीच्या थरांत दिसणारा डायाटमांचा समूह तेथे जसाच्या तसा परतलेला नाही.