दिल्लीच्या सरांची केरसुणी

१९७९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. सांगलीत आमच्या घराजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये महिनाभराचं नाट्यशिबिर भरलं होतं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. सकाळी सहाची वेळ दिली होती. आम्ही बावीस जण जमलो. प्रत्येकाच्या हातात कोरी वही आणि डोक्यात एखादं घोकून ठेवलेलं स्वगत. सर आले, त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "वह्या खाली ठेवा. त्या कोपऱ्यात केरसुण्या आहेत, दोन बादल्या आहेत, फडकी आहेत. ज्या जमिनीवर आपण महिनाभर लोळणार आहोत, ती आधी आपल्या हातांनी साफ करायची."

सहा वाजून दहा मिनिटांनी आलेल्या दोघांना त्यांनी आत घेतलंच नाही. हॉल धुऊन होईपर्यंत साडेआठ वाजले आणि त्या दिवसाचं शिबिर संपलं.

रात्री जेवताना अण्णांनी विचारलं, "काय शिकवलं मग आज?" मी म्हटलं, "केर काढायला." अण्णा भाताचा घास तसाच हातात धरून हसायला लागले. "त्यासाठी पंचवीस रुपये फी? ते तर तुझी आई इतकी वर्षं फुकट शिकवतेय, आणि तू शिकत नाहीस!"

सांगलीच्या माणसाला नाटक नव्याने शिकवायचं म्हणजे तसं धाडसच. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते इथेच. आमच्याकडे दर दुसऱ्या घरात एक तरी माणूस असा असतो, की ज्याने कधी तरी तोंडाला रंग लावलेला असतो, नाही तर कुणाला तरी विंगेतून वाक्यं पुरवलेली असतात. अशा गावात हे आमचे सर नॅशनल स्कूल ऑफ ड्रामात तीन वर्षं शिकून परत आले होते. (त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही.) बोलताना त्यांच्या तोंडी सारखे 'दिल्लीचे सर' यायचे. दिल्लीचे सर म्हणजे इब्राहिम अल्काझी.

अल्काझी 'दिल्लीचे' खरे, पण जन्म पुण्याचा, १९२५ सालचा. वडील अरबस्तानातून व्यापारासाठी आलेले, घरात भाषा अरबी. शाळा पुण्यात, कॉलेज मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये. तिथे सुलतान पदमसींच्या थिएटर ग्रुपमध्ये त्यांना नाटकाचं वेड लागलं. फाळणीनंतर आईवडील पाकिस्तानात गेले, हे इथेच राहिले. लंडनच्या 'राडा' या प्रसिद्ध नाट्यसंस्थेत शिकून ते मुंबईला परतले आणि १९५४ साली त्यांनी स्वतःची 'थिएटर युनिट' ही संस्था काढली. जागा मिळेना तेव्हा इमारतीच्या गच्चीवर रंगमंच उभारून तिथे ग्रीक शोकांतिका आणि स्ट्रिंडबर्ग केला, इंग्रजीत. आपल्या विजया मेहता याच काळात त्यांच्या हाताखाली शिकल्या. म्हणजे 'रंगायन'च्या पाऊलवाटेवरही या माणसाचा एक ठसा आहे. १९६२ मध्ये अल्काझी दिल्लीला गेले तेव्हा मुंबईतलं 'थिएटर युनिट' सत्यदेव दुब्यांनी पुढे चालवलं. दुब्यांनी किती जणांना घडवलं आणि किती जणांना रडवलं, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सदतिसाव्या वर्षी अल्काझी नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाचे संचालक झाले आणि १९७७ पर्यंत राहिले. संस्था तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. नट शिकवून होतो का, असं विचारणारे लोक तेव्हाही होते. अल्काझींनी त्याचं उत्तर सुतारकामापासून दिलं. अभिनयाच्या विद्यार्थ्याला करवत धरता आली पाहिजे, दिवे लावता आले पाहिजेत, कपडा कसा पडतो ते कळलं पाहिजे. रवींद्र भवनाच्या मागे झाडाखाली त्यांनी 'मेघदूत' हा खुला रंगमंच उभा केला, त्यात विद्यार्थ्यांचेही हात लागले होते. संस्थेतलं घाण झालेलं स्वच्छतागृह त्यांनी एकदा स्वतः धुऊन काढलं, ही गोष्ट तर त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांनी सांगितली आहे. आमच्या केरसुण्यांचं मूळ तिथे होतं. हे आम्हाला पुढे आठवडाभराने कळलं, तोवर बाविसांतले सात जण गळाले होते.

उरलेल्या पंधरा जणांना सरांनी जे शिकवलं, ते आजही मला दिवसवार सांगता येईल. पहिले दहा दिवस संवाद नाहीत. चालायचं, बसायचं, उभं राहायचं. "तू दारातून आत येतेस ती कुठून येतेस? उन्हातून? मग डोळे मिटायला, उघडायला वेळ नाही का लागणार?" मग खडूने जमिनीवर घराचा नकाशा काढायचा, टेपने मोजून. दार किती फुटांचं, पायरी किती इंचांची. एका मुलाने सुंदर नकाशा काढला होता. सरांनी विचारलं, "या घरात प्यायचं पाणी कुठे ठेवतात?" त्याला सांगता येईना. "घरातल्या माणसाला तहान लागली तर तो कुठे बघेल हे तुला माहीत नाही, आणि तू त्याचं दुःख दाखवणार?"

दुपारी ते चित्रं दाखवायचे. जुन्या कॅलेंडरांतून, मासिकांतून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली. अजिंठ्याची, मुघल लघुचित्रं, रेम्ब्रांटची. त्यातला उजेड कुठून येतो ते शोधायचं. ही सवयही दिल्लीचीच. अल्काझी स्वतः चित्रकार, हुसेन, सूझा यांच्या पिढीत वावरलेले. त्यांच्या पत्नी रोशन अल्काझी वेशभूषा करायच्या, त्यांनी प्राचीन भारतीय वेशभूषेवर ग्रंथही लिहिला. त्यामुळे त्या संस्थेत नाटक हे कानाइतकंच डोळ्यांनी शिकवलं जाई. मराठी नाटक तेव्हा तरी मुख्यतः कानाचं होतं. नाट्यपदांच्या काळापासूनच.

आता माझ्या रागाबद्दल. शिबिराच्या शेवटी एक नाटक बसवायचं होतं आणि तेच पुढे राज्य नाट्य स्पर्धेत न्यायचं होतं. मला वाटत होतं, प्रमुख भूमिका माझीच. यादी लागली तेव्हा माझं नाव सर्वांत खाली, 'प्रकाशयोजना साहाय्य व वेशभूषा' यापुढे. मी सरांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "तुझा आवाज चौथ्या रांगेच्या पुढे जात नाही. उद्यापासून पावणेसहाला ये."

महिनाभर मी रोज पावणेसहाला गेले. सर शेवटच्या रांगेत बसायचे आणि मी स्टेजवरून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. ओरडले की ते हात वर करायचे. "ओरडू नकोस. मला सांग." बाजारभाव, हवामान, निधनवार्ता, सगळं 'सांगून' झालं. भूमिका काही मिळाली नाही. स्पर्धेत आमच्या नाटकाला नेपथ्याचं पारितोषिक मिळालं, बाकी काही नाही. गावात थट्टा झाली, की दिल्लीहून आले आणि भिंती चांगल्या रंगवून गेले.

त्या थट्टेत थोडं तथ्य होतं, आणि ते मला सरांपेक्षा अल्काझींबद्दल जास्त विचार करायला लावतं. अल्काझींची नाटकं भव्य असत. १९६३ मध्ये फिरोजशहा कोटल्याच्या अवशेषांत त्यांनी धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' केलं, ते पाहायला पंडित नेहरू आले होते. पुढे १९७४ मध्ये पुराना किल्ल्यात कर्नाडांचं 'तुघलक' झालं, मनोहर सिंग त्यात तुघलक. किल्ला हेच नेपथ्य! पण दिल्लीत शिकलेला मुलगा आपल्या गावी परततो तेव्हा तिथे किल्ला नसतो, ग्रंथालय नसतं, पगारी नटसंच नसतो. शाळेचा हॉल असतो, आणि तोही परीक्षा नसतील तेव्हाच.

आणि भाषा. देशभरातून आलेल्या मुलांना हिंदी आणि इंग्रजीतून शिकावं लागे. पंजाबच्या लहान गावातून आलेल्या ओम पुरींना इंग्रजीचं केवढं ओझं वाटायचं, ते त्यांनी पुढे सांगितलं आहे. ते तरले. मणिपूरचे कन्हैयालाल मात्र भाषेच्या अडचणीत सापडले, त्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं. इंफाळला परतून १९६९ मध्ये त्यांनी 'कलाक्षेत्र मणिपूर' ही संस्था काढली आणि शब्दांवर न विसंबणारं, शरीराचं नाटक उभं केलं. ज्या शाळेत ते टिकले नाहीत, तिच्याहून त्यांचं नाटक काही कमी मोलाचं ठरलं नाही. त्याच इंफाळचे रतन थिय्याम अल्काझींकडे तीन वर्षं शिकले आणि तेही परत जाऊन आपल्याच मातीतलं नाटक करत राहिले. एकाला त्या शिक्षणाने घडवलं आणि दुसऱ्याला ते न मिळाल्याने, असं म्हणायचा मोह होतो. पण तसं म्हणणं फार सोपं आहे.

आपल्याकडून गेलेल्यांत रोहिणी आणि जयदेव हट्टंगडी होते, उत्तरा बावकर होत्या. रोहिणीबाईंचा चेहरा घराघरांत पोचला. जयदेव हट्टंगडी मात्र शिबिरं घेत, नट घडवत राहिले. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, सुरेखा सिक्री ही नावं आपण पडद्यामुळे ओळखतो. अल्काझींची शिकवण मोजायची तर लोक हीच नावं घेतात. मला आमच्यासारखे हॉल दिसतात, जिथे कुणी तरी सकाळी सहाला किल्ली घेऊन उभा होता.

सरांना सांगलीत नाटकाने पोसलं नाही. व्यावसायिक नाटकवाल्यांना त्यांची शिस्त परवडणारी नव्हती. तीन आठवड्यांत नाटक उभं करणाऱ्यांना हे दहा दिवस नुसतं चालायला लावणार. चार वर्षांनी त्यांनी एका सरकारी खात्यात कारकुनी धरली. दिल्लीहून शिकून येऊन फायलींवर शिक्के मारतात, हे मला फार लागलं होतं. अजूनही लागतं. एखादा शिक्षक एवढं शिकवून ठेवतो आणि ते वापरायला जागाच नसते, तेव्हा त्या शिकवणीचं काय करायचं?

मी पुढे मराठीची शिक्षिका झाले. साठ मुलांच्या वर्गात एकतीस वर्षं शिकवलं. घसा कधी बसला नाही. शाळेच्या गॅदरिंगची नाटकं माझ्याकडे असत आणि मुलांना मी आधी स्टेज झाडायला लावी. एका पालकाने मुख्याध्यापकांकडे तक्रारही केली होती. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, तेव्हा मी त्यांना अल्काझींची स्वच्छतागृहाची गोष्ट सांगितली. त्यांना ती पटली की नाही कोण जाणे, पण केरसुण्यांचं बिल मंजूर झालं.

अल्काझींनी १९७७ नंतर दिल्लीत रोशनबाईंबरोबर 'आर्ट हेरिटेज' ही चित्रांची गॅलरी चालवली, जुन्या छायाचित्रांचा मोठा संग्रह केला. नाटकापासून ते बरेच दूर राहिले. नव्वदीच्या सुरुवातीला पुन्हा थोडं नाटक, पुन्हा थोडं शिकवणं, एवढंच. २०१० साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. ४ ऑगस्ट २०२० रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, दिल्लीत ते गेले. करोनाचे दिवस. बातमी कळताच मी सरांना फोन केला. तेही ऐंशीच्या घरात आलेले, मुलीकडे राहतात.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला त्यांनी तीन वर्षांत एकही मोठी भूमिका दिली नव्हती. सांगितलं होतं का कधी तुला?"

मी म्हटलं, "नाही, सर."

"कंदील धरून उभा असायचो. पण कंदील कसा धरायचा, यावर एकदा त्यांनी माझ्याशी पाऊण तास घालवला होता. एकट्या माझ्याशी."

पुन्हा थोडा वेळ शांतता. मला वाटलं, फोन कट झाला.

"अजून पहाटे जाग येते गं," ते म्हणाले. "उशीर झाला, दार बंद होईल, असं वाटतं. मग पाय खाली टेकल्यावर लक्षात येतं."

आत त्यांची मुलगी चहा घेण्यासाठी हाक मारत होती. "आलो," असं त्यांनी तिला सांगितलं. त्या वयातही, खालच्या आवाजात, अगदी सहज. माझ्या फोनमध्ये ते स्पष्ट ऐकू आलं, आणि स्वयंपाकघरातल्या मुलीलाही गेलं असणार.