एकवीस जणींचे एकमत

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटले. उसन्या ८० रुपयांच्या भांडवलावर पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद पडले. पुढच्या पावसाळ्यात खाटेवर पापड आणि खाली शेगडी अशी तोड निघाली. लिज्जत पापड बनवणाऱ्या संस्थेची ही गोष्ट सगळेच सांगतात. पण खाट-शेगडीने पापड वाळतात, संस्था टिकत नाही.

कागदोपत्री ही सहकारी संस्था नाहीच. १९६६ साली तिची नोंदणी १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली झाली, सहकार कायद्याखाली नाही. व्यवहार मात्र अनेक नोंदणीकृत सहकारी सोसायट्यांपेक्षा अधिक सहकाराचा. इथे पापड लाटणारी कोणी नोकर नाही, सगळ्या सभासद 'बहिणी'. सकाळी शाखेतून मळलेले पीठ न्यायचे, आपल्या घरी लाटायचे, वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पापड वजन करून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. नफा वाटून घ्यायचा, तोटाही.

बहिणी म्हटल्या की सख्य आलेच, असे मानणे भाबडेपणाचे आहे. सख्ख्या बहिणीही वाटणीवरून भांडतात! मला वाटते, इथले शहाणपण अंतर राखण्यात आहे. पोळपाट जिचा तिच्या घरी. गाठ पडते ती शाखेत पीठ घेताना आणि वजनाच्या वेळी. माझे काम किती, हे काटा सांगतो, मुकादम नाही. संशयाला जागा कमी राहते. सभासदत्व फक्त बायकांना. हिशेब, वाहतूक अशा कामांना पुरुष पगारावर असतात, पण त्यांना मत नाही. त्यामुळे नवऱ्याच्या किंवा दिराच्या राजकारणाला आत यायला दार उरत नाही.

आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांत सभासद पॅनेलमध्ये वाटले जातात, निवडणूक हरलेला गट पाच वर्षे बाहेर बसून खोड्या काढतो. लिज्जतच्या २१ जणींच्या व्यवस्थापन समितीत बहुमतच चालत नाही. निर्णय एकमताने होतो. म्हणजे हरलेला गट तयारच होत नाही. याची किंमतही आहे: एक जण अडून बसली की काम रखडते, नवे काही सुरू करायला वेळ लागतो. ही किंमत मला स्वस्त वाटते.

सात जणींच्या आज सुमारे ४५ हजार झाल्या आहेत. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.