खुल्या आकड्यांचा शनिवार

सकाळी ६.४५

चहा गॅसवर, लॅपटॉप ओट्यावर. न्यूयॉर्कच्या ओपन डेटा वीकमधला हा शनिवार. मी क्वीन्समधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखेत काम करते आणि आज महापालिकेची माणसं आमच्याकडे दिवसभरासाठी येणार आहेत. शहराने ७ मार्च २०१२ रोजी कायदा केला की खात्यांकडची सार्वजनिक माहिती एकाच पोर्टलवर, संगणकाला वाचता येईल अशा रूपात, फुकट ठेवायची. त्या कायद्याच्या निमित्ताने २०१७ पासून दर मार्चमध्ये हा सप्ताह होतो.

रात्री लावलेलं डाउनलोड पूर्ण झालंय का ते आधी बघते. ३११ हा इथला तक्रारींचा फोन नंबर, २००३ पासूनचा. खड्डा, न उचललेला कचरा, वरच्या मजल्यावरचा धिंगाणा, थंडगार पडलेला रेडिएटर. जीवावर बेतलेलं नसेल ते सगळं गाऱ्हाणं इथे जातं. २०१० पासूनच्या तक्रारी पोर्टलवर आहेत, तीन कोटींहून जास्त ओळी. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. हौसेने सगळं उघडायला गेलेल्याचं मशीनच आधी बसतं. म्हणून आमच्या झिप कोडपुरत्या, गेल्या दोन हिवाळ्यांच्या नोंदी गाळून पेनड्राइव्हवर घेते. वायफायच्या भरवशावर कार्यक्रम ठरवायचा नसतो.

सकाळी ८.३०

शाखेत. लॅपटॉपची गाडी चार्जिंगवरून काढली, टेबलं फिरवली, पाट्या लावल्या. पाट्या इंग्रजी, स्पॅनिश, बंगाली आणि चिनी अशा चार भाषांत.

न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांच्या तीन संस्था आहेत: ब्रुकलिनची एक, क्वीन्सची एक, आणि मॅनहॅटन, ब्रॉन्क्स, स्टेटन आयलंड मिळून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी. तिघींच्या मिळून दोनशेहून जास्त शाखा. यातली एकही महापालिकेचं खातं नाही. स्वतंत्र संस्था आहेत, पैसा मात्र बहुतांशी शहराचा. म्हणून लोक आम्हाला ‘सरकारी’ समजत नाहीत आणि सरकार आम्हाला परकं समजत नाही.

या मधल्या जागेचा उपयोग होतो. पोर्टलवर जाणाऱ्याला पोर्टल आहे हे आधीच माहीत असतं. आमच्या दारातून येतात ते नोकरी शोधणारे, इंग्रजी शिकणारे, शाळा सुटल्यावर आसरा घेणारी मुलं, घरात करमत नाही म्हणून येणारे म्हातारे. २०२१ मध्ये तिन्ही संस्थांनी उशिराचा दंड रद्द केला, तेव्हापासून कार्ड लपवून ठेवलेलेही परत आले. महापालिकेला यांच्यापर्यंत पोचायचं असेल तर त्यांना सिटी हॉलला बोलावून भागत नाही, इथे यावं लागतं.

सकाळी ९.३०

महापालिकेच्या ओपन डेटा टीममधली दोन माणसं आली. सोबत स्वयंसेवक आहेत, लोकांना पोर्टल शिकवायचं प्रशिक्षण घेतलेले. उभ्या उभ्या बैठक. मी दोनच गोष्टी सांगते.

पहिली: ‘डेटासेट’, ‘एपीआय’, ‘मेटाडेटा’ हे शब्द पहिल्या अर्ध्या तासात नकोत. माणूस काय विचारायला आलाय ते आधी काढून घ्या.

दुसरी: हजेरीच्या कागदावर नाव, पत्ता, ईमेल लिहून घ्यायचा नाही. डोकी मोजायची, बस. वाचक काय वाचतो, काय शोधतो याच्या नोंदी गोपनीय ठेवणं न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने ग्रंथालयावर बंधनकारक आहे. कायदा नसता तरी माझं म्हणणं हेच असतं. घरमालकाविरुद्ध माहिती शोधायला आलेली बाई दारातच नाव लिहायला लागलं तर मागे फिरेल. टीममधल्या मुलीने काही न बोलता कागद बॅगेत ठेवला आणि मोजणीचं क्लिकर काढलं. या माणसांबरोबर काम करायला मला आवडतं ते यामुळे.

सकाळी १०.००

दार उघडलं आणि मुलं थेट खारींच्या टेबलाकडे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये स्वयंसेवकांनी सेंट्रल पार्कमधल्या खारींची गणना केली. ३,०२३ वेळा खार दिसल्याची नोंद झाली आणि ती सगळी पोर्टलवर आहे: रंग राखाडी, काळा की दालचिनी, पळत होती, खात होती की झाडावर चढत होती, माणसाजवळ आली की पळाली. मुलांना मी विचारते, “माणसाला न घाबरणाऱ्या खारी कोणत्या भागात जास्त?” मग गाळणी लावणं, क्रमवारी लावणं, नकाशा काढणं हे सगळं ती आपणहून शिकतात. एका मुलाने विचारलं, “एकच खार दोनदा मोजली नसेल कशावरून?” संख्याशास्त्राचा तास संपल्यातच जमा होता. गणना करणाऱ्यांनाही हाच प्रश्न होता. म्हणून तर त्या नोंदी ‘खारी’ नाहीत, ‘खार दिसली’ अशा आहेत.

सकाळी ११.००

मोठ्यांचा वर्ग. मागच्या खुर्चीवर एक बाई कोट न काढता बसल्यात. “शहराचा डेटा बघायचाय,” एवढंच म्हणाल्या.

ग्रंथपालाचं खरं कसब इथे लागतं. समोरचा माणूस पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न क्वचितच त्याचा असतो. तो आपल्याला झेपेल असा, सभ्य, गुळगुळीत प्रश्न विचारतो. मी शेजारी खुर्ची ओढली. कुठे राहता, कधीपासून, इमारत केवढी. चौथ्या-पाचव्या वाक्याला निघालं: घरात ऊब नाही, मालक म्हणतो तक्रार तुमची एकटीचीच आहे.

मग काम सोपं. इथे १ ऑक्टोबर ते ३१ मे हा ‘हीट सीझन’. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली तापमान गेलं तर घरात किमान ६८ अंश, म्हणजे २० सेल्सिअस, ठेवणं मालकाला सक्तीचं. रात्री १० ते सकाळी ६ बाहेर काहीही असो, आत किमान ६२ अंश हवेत. आम्ही ३११ च्या नोंदींत पत्ता टाकला. त्याच इमारतीच्या, त्याच हिवाळ्यातल्या तक्रारी एकाखाली एक आल्या. तारीख, तक्रारीचा प्रकार, कोणत्या खात्याकडे गेली, कधी बंद केली. तक्रार करणाऱ्याचं नाव कुठेही नाही, ते बरंच आहे. नंतर घरबांधणी खात्याने त्या इमारतीवर नोंदवलेले नियमभंगही दुसऱ्या यादीत सापडले.

बाईंनी छापील प्रत मागितली. एवढ्या वेळात त्यांनी पहिल्यांदाच कोटाची बटणं सोडली. त्यांना कायदा माहीत होता, त्रासही माहीत होता. आपण एकट्या नाही, हे कागदावर हवं होतं.

दुपारी १२.१५

वर्गाचा उत्तरार्ध मी स्वतः घेते. विषय: आकडे काय सांगत नाहीत.

पडद्यावर आवाजाच्या तक्रारींचा नकाशा. एक वस्ती गडद, शेजारची फिकट. “फिकट वस्तीत शांतता आहे?” असं विचारलं की आधी मान डोलते, मग कुणीतरी म्हणतं, “तिथे फोन कोण करणार?” ३११ मोजतं तक्रारी, त्रास नाही. कागदपत्रांची धास्ती असलेला, दोन पाळ्यांत काम करणारा, भाषा न येणारा माणूस या नकाशात नसतो. या आकड्यांवरून झाडूवाले किंवा इन्स्पेक्टर वाटायचे ठरवले तर जो बोलतो त्यालाच पुन्हा मिळेल. म्हणून ज्यांच्या वस्त्या फिकट दिसतात त्यांना या खोलीत आणणं हेही डेटाचंच काम आहे, असं मी महापालिकेच्या पाहुण्यांसमोर मुद्दाम मोठ्याने म्हणते.

दुपारी १.१५

डबा. मुलाकडे राहायला आलेले एक काका रोज वाचायला येतात. महाराष्ट्रातल्या एका नगरपालिकेतून निवृत्त झालेत. सकाळपासून ते मागे हाताची घडी घालून सगळं बघत होते.

“ताई, हे असं लोकांपुढे मांडलं की ऑफिसात कुणाला राग येत नाही?”

“येत असणारच, काका. पण एक गोष्ट ऐका.” मी त्यांना बेन वेलिंग्टनची हकिगत सांगितली. हा इथला संख्याशास्त्र शिकवणारा गृहस्थ. २०१४ मध्ये त्याने पार्किंगच्या दंडाच्या नोंदी चाळल्या, तेव्हा लोअर ईस्ट साइडच्या फॉरसाइथ स्ट्रीटवरचे अग्निशमनाचे दोन नळ वर्षाला हजारो डॉलरचा दंड गोळा करताना दिसले. जागा अशी आखलेली की तिथे गाडी लावायला हरकत नाही असंच कुणालाही वाटावं. त्याने लिहिलं, बातमी झाली, रस्ता पुन्हा रंगवला गेला. दोन वर्षांनी त्याने याहून मोठं प्रकरण काढलं: काही ठिकाणी पदपथाच्या उतारासमोर गाडी लावणं कायदा बदलल्यामुळे चालत होतं, तरी पोलिस दंड करत होते. पोलिस खात्याने चूक मान्य केली आणि त्याचे आभार मानले.

काका थोडं थांबून म्हणाले, “आमच्याकडे हे कळायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा आणि तीस दिवस वाट बघायची.”

“इथेही तसा कायदा आहे, काका. पोर्टलचा उद्देशच हा की अर्ज करायची वेळ कमी यावी.”

दुपारी २.००

झाडांची फेरी. या शहरात रस्त्याकडेच्या झाडांची गणना १९९५, २००५ आणि २०१५ मध्ये झाली. २०१५ ला दोन हजारांहून जास्त स्वयंसेवक टेप घेऊन फिरले आणि ६,६६,१३४ झाडं मोजली. पोर्टलवरच्या यादीत ओळी त्याहून जास्त आहेत, कारण वाळलेली झाडं आणि नुसते बुंधेही नोंदलेत. आमच्या चौकापुरती यादी छापून आम्ही वीसेक जण बाहेर पडलो. ग्रंथालयासमोरचा लंडन प्लेन जातीचा वृक्ष यादीत सापडला. कोपऱ्यावरचं एक झाड कागदावर होतं, जमिनीवर नव्हतं. फेरीतल्या एका आजोबांनी सांगितलं, वादळात गेलं. आकड्यांवर तारीख का बघायची, हे वर्गात सांगून कुणाला पटत नाही, रिकामं आळं बघितलं की पटतं.

दुपारी ३.१५

आता येतात ते जाणकार: कोड लिहिणारे विद्यार्थी, पत्रकार, कम्युनिटी बोर्डाचे सदस्य. शहरात अशी ५९ मंडळं आहेत, साधारण आपल्या प्रभाग समित्यांसारखी, सल्ल्याचा अधिकार असलेली. बीटाएनवायसी या नागरी संस्थेने त्यांच्यासाठी ‘बोर्डस्टॅट’ नावाचं साधन केलंय; आपल्या हद्दीतल्या ३११ तक्रारी सदस्याला बैठकीआधी बघता येतात.

या गटाला मी दरवेळी टॅक्सीचं प्रकरण सांगते. २०१४ मध्ये माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून एकाने २०१३ च्या टॅक्सी फेऱ्यांची माहिती मिळवली, १७ कोटींहून जास्त फेऱ्या. टॅक्सीचे परवाना क्रमांक सांकेतिक रूपात झाकले होते. पण असे क्रमांक मुळात मोजकेच असू शकतात, त्यामुळे एका प्रोग्रामरने सगळे शक्य क्रमांक तपासून काही तासांत झाकण उघडलं. कोणता चालक कधी कुठे होता, सगळं उघडं. खुलं करताना काय झाकायचं आणि कसं, हे ठरवणाऱ्याच्या शेजारी ग्रंथपाल बसलेला चांगला. वाचकाचं गुपित सांभाळणं हा आमचा जुना धंदा आहे.

दुपारी ४.३०

आवराआवर आणि चिठ्ठ्या. दिवसभरात ज्यांना उत्तर मिळालं नाही त्यांचे प्रश्न आम्ही चिठ्ठीवर लिहून घेतो, बिननावाचे. कुणाला आपल्या बसथांब्यावर शेड कधी येणार ते हवंय, कुणाला शाळेतल्या पाण्यात शिसं आहे का ते. काहींची माहिती पोर्टलवर आहे पण शोधून सापडत नाही, काहींची नाही. दोन वेगळे गठ्ठे करून टीमकडे दिले. पहिला गठ्ठा मांडणी सुधारण्यासाठी, दुसरा नव्या मागणीसाठी. माझ्या मते या कार्यक्रमाचं खरं उत्पन्न म्हणजे हे दोन गठ्ठे.

संध्याकाळी ५.००

दार बंद. घरी जाताना ट्रेनमध्ये अहवाल लिहिते. ग्रंथालय आणि महापालिकेची अशी जोडणी इतर शहरांतही झाली आहे. टेनेसीतल्या चॅटनूगामध्ये शहराचं डेटा पोर्टलच सार्वजनिक ग्रंथालयाने सांभाळलं. बोस्टनच्या महापालिकेला २०१५ मध्ये नाइट फाउंडेशनने ४,७५,००० डॉलर दिले, ते शहराचा डेटा ग्रंथालयाच्या पद्धतीने सूचीबद्ध करण्यासाठी. पिट्सबर्गच्या कार्नेगी लायब्ररीत डेटा वाचायला शिकवणारे वर्ग झाले. सगळीकडे वाटणी एकच: माहिती खुली करणं सरकारचं काम, ती माणसाच्या प्रश्नापर्यंत आणणं ग्रंथालयाचं. पहिलं झालं आणि दुसरं राहिलं तर पोर्टल हे कुलूप नसलेलं पण कुणाला पत्ता माहीत नसलेलं गोदाम होतं.

रात्री ९.००

काकांचं बोलणं डोक्यात आहे, म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढंच. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सांगतं की कार्यालयांनी कुणी अर्ज करण्याची वाट न बघता माहिती आपणहून जाहीर करावी. त्याच कलमाच्या यादीत, लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष ठेवला असेल तर त्याच्या वेळाही जाहीर करा, असं लिहिलंय. म्हणजे माहिती आणि वाचनालय आपल्या कायद्यातही शेजारी शेजारी आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत, त्यांच्याकडे टेबल आहे, दिवा आहे, रोज येणारी माणसं आहेत. तुम्ही अशा एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असाल तर एका शनिवारी वॉर्ड ऑफिसातल्या किंवा नगरपालिकेतल्या माणसाला बोलवा. सुरुवात पाण्याच्या वेळापत्रकापासून करा, आणि उत्तर न मिळालेले प्रश्न लिहून त्याच्या हातात द्या.