फोकस नेमका कुठे चुकतो?

लग्नाचे फोटो काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या संग्रहात असा एखादा फोटो असतो. नवरीच्या गालावर उतरलेल्या मुंडावळीचा मोती न् मोती मोजून घ्यावा इतका स्पष्ट आणि मागचे डोळे मात्र किंचित धुरकट. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर हा फरक लक्षात येत नाही. घरी येऊन संगणकावर फोटो मोठा केला की तो डोळ्यांत भरतो. तोवर अक्षता पडून, पंगती उठून गेलेल्या असतात. मग दोषारोप सुरू होतात. ‘लेन्स सॉफ्ट आहे’, ‘बॉडी बॅक फोकस मारते’, ‘सर्व्हिसला टाकावी लागणार’.

वरच्या फोटोत मात्र कॅमेऱ्याची काहीच चूक नाही. ऑटोफोकसला डोळा म्हणजे काय ते ठाऊक नसते. निवडलेल्या जागेत उजेड-अंधाराचा ठळक फरक कुठे आहे एवढेच तो शोधतो. काळ्या केसांवर आणि सावळ्या सावलीवर चमकणारे पांढरे मोती त्याला पापण्यांपेक्षा कितीतरी सोपे. पण याच कॅमेऱ्याने, कुठलाही अडथळा नसताना, दर वेळी नाकाच्या शेंड्यावर फोकस केला तर गोष्ट वेगळी. तिथे खरोखर यंत्रात बिघाड असू शकतो. या दोन चुका वेगळ्या काढता आल्या, तर डीएसएलआरच्या फोकसबद्दलची निम्मी डोकेदुखी संपते.

दुसऱ्या प्रकारची चूक समजायची तर कॅमेऱ्याच्या पोटात शिरावे लागते. डीएसएलआर फोकस एका जागी मोजतो आणि फोटो दुसऱ्याच जागी घेतो. लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर आदळून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. पण या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. तिथून आरपार गेलेला थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावर पडतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरवर उतरतो. बटण पूर्ण दाबले की दोन्ही आरसे वर उचलले जातात आणि प्रकाश फोटोच्या मुख्य सेन्सरवर पोहोचतो. १९८५ मध्ये मिनोल्टाने ऑटोफोकसची सगळी यंत्रणा बॉडीतच सामावलेला ‘७०००’ हा एसएलआर बाजारात आणला, तेव्हापासून ही रचना मुळात बदललेली नाही.

तळाचा सेन्सर मोजणी कशी करतो? एक बोट नाकासमोर धरून आधी डावा, मग उजवा डोळा मिटला तर बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. लेन्सच्या दोन कडांकडून येणाऱ्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा हा सेन्सर अशाच ताडून पाहतो. त्या एकमेकींपासून किती आणि कोणत्या बाजूला सरकल्या आहेत यावरून लेन्स पुढे फिरवायची की मागे, आणि किती, हे त्याला एका झटक्यात कळते. फेज डिटेक्शन म्हणतात ते हेच. धावत्या खेळाडूचा माग डीएसएलआर इतक्या चपळाईने काढतो तो यामुळे.

या चपळाईची किंमत अचूक जुळणीत मोजावी लागते. लेन्सपासून तळाच्या सेन्सरपर्यंतचा प्रकाशाचा रस्ता आणि मुख्य सेन्सरपर्यंतचा रस्ता तंतोतंत सारख्या लांबीचे हवेत. छोटा आरसा केसभर कलला, तरी तळाचा सेन्सर ‘फोकस झाला’ म्हणून हिरवा दिवा लावतो आणि मुख्य सेन्सरवर प्रतिमा थोडी पुढे किंवा मागे पडते. लेन्सलाही स्वतःची थोडीफार कमी-जास्त असते. बॉडी आणि लेन्स दोन्ही कारखान्याच्या ठरलेल्या मर्यादेत असूनही त्यांच्या चुका एकाच दिशेच्या निघाल्या, की त्यांची बेरीज होते. तीच लेन्स मित्राच्या बॉडीवर उत्तम चालते आणि आपल्या बॉडीवर रुसते, त्यामागे बहुतेकदा हेच गणित असते.

चूक किती लहान असली तरी पुरते? फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स, ॲपर्चर एफ/१.८ आणि माणूस २ मीटरवर असेल, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची एकूण खोली साधारण ६ सेंटीमीटर भरते. म्हणजे डोळ्यांवर नेमका फोकस असताना कान धूसर होऊ लागतात. एफ/८ वर हीच खोली २५ सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि बारीकसारीक चुका तिच्यात झाकून जातात. स्वस्तातली किट लेन्स वापरताना कधी न दिसलेला दोष, हौसेने घेतलेल्या मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सवर पहिल्याच दिवशी दिसतो तो यामुळे.

यंत्राचा दोष किती मोठ्या प्रमाणावर असू शकतो याचे गाजलेले उदाहरण २००७ चे आहे. कॅननचा ईओएस-१डी मार्क ३ हा सेकंदाला १० फोटो काढणारा, खेळांच्या छायाचित्रकारांसाठी बनवलेला कॅमेरा. पण धावत्या माणसावर सलग फोटो काढताना त्याचा फोकस मधूनच घसरतो, विशेषतः कडक उन्हात, अशा तक्रारी व्यावसायिकांकडून येऊ लागल्या. अखेर त्याच वर्षी कंपनीने छोट्या आरशाच्या यंत्रणेत दोष असल्याचे मान्य केले आणि कॅमेरे दुरुस्तीसाठी परत घेतले. २०१२ मध्ये निकॉन डी८०० च्या अनेक ग्राहकांची तक्रार आणखी विचित्र होती. मधला फोकस पॉइंट बरोबर, पण डाव्या बाजूचे पॉइंट चुकतात.

अशा बातम्या वाचल्या की प्रत्येकाला आपलाच कॅमेरा आजारी वाटू लागतो. म्हणून आधी फोटोची तपासणी. फोटो मूळ आकारात उघडून त्यात कुठेतरी, काहीतरी स्पष्ट आहे का ते पाहावे. सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल तर हात हलला आहे. माणूस धूसर आणि मागची भिंत स्पष्ट असेल, पण माणूस हालचालीत असेल, तर शटर स्पीड कमी पडला आहे. माणूस निवांत बसलेला आणि तरी स्पष्टता त्याच्या मागे किंवा पुढे गेली असेल, तरच फोकसचा मुद्दा उरतो.

त्यातही निवडीच्या चुका आधी बाद कराव्यात. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा चौकोन लहान असला तरी त्यामागचा सेन्सर बहुधा त्याहून मोठ्या भागाकडे पाहत असतो. ताडोबात गवताआडच्या वाघावर चौकोन ठेवला तरी पुढची काडी फोकस पळवते, ती यामुळे. कोणता पॉइंट वापरायचा हे कॅमेऱ्यावर सोडले तर तो सहसा जवळची वस्तू पकडतो. शिवाय कडेचे काही पॉइंट एकाच दिशेच्या रेषा ओळखतात. मधला पॉइंट बहुतेक मॉडेलांत क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा असतो. मंद उजेडात त्याच्यावरच भरवसा ठेवलेला बरा.

मधल्या पॉइंटने डोळ्यांवर फोकस करून, बटण अर्धे दाबलेले ठेवून कॅमेरा वळवायची सवय बहुतेकांना असते. तीही गोत्यात आणते. २ मीटरवरच्या माणसावर फोकस धरून कॅमेरा १० अंश फिरवला, तर फोकसची पातळी डोळ्यांच्या सुमारे ३ सेंटीमीटर मागे जाते. वरच्या उदाहरणातल्या ६ सेंटीमीटरच्या पट्ट्याची मागची-पुढची वाटणी केली, तर डोळे थेट त्याच्या काठावर येतात. त्यातून फोटोग्राफर फोकस धरल्यावर नकळत इंचभर पुढे झुकला, तर उरलेसुरलेही जाते. उपाय सोपा आहे. डोळ्याच्या जागी येणारा पॉइंट आधीच निवडावा.

काही दोष तर कॅमेऱ्याच्या बाहेरच असतात. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर दुपारी रोहितांचे फोटो काढणाऱ्याला ६०० मिमीची लेन्सही मऊ वाटते, कारण मधली तापलेली हवा प्रतिमा हलवत असते. जवळ जाणे आणि सकाळी लवकर पोहोचणे याखेरीज त्यावर इलाज नाही. जुना लिनियर पोलरायझर फिल्टर अर्धपारदर्शक आरशाशी भांडतो. डीएसएलआरला सर्क्युलर पोलरायझरच लागतो. हलक्या प्रतीचा यूव्ही फिल्टर लांब पल्ल्याच्या लेन्सची धार घालवतो. लग्नाच्या हॉलमधले रंगीत दिवेही फोकसला फसवतात, कारण लेन्स वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश अगदी एकाच ठिकाणी एकवटत नाही. व्ह्यूफाइंडरशेजारचे डायॉप्टरचे चाक मात्र निर्दोष आहे. त्याने आपल्या डोळ्याला दिसणारे चित्र बदलते, ऑटोफोकस नाही.

एवढे सगळे बाद झाल्यावरही शंका राहिली, तर चाचणी घ्यावी. कॅमेरा ट्रायपॉडवर. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवलेले, आणि सेन्सर त्याला समांतर. अंतर फोकल लेंग्थच्या निदान ५० पट, असे कॅननचे मार्गदर्शन आहे; म्हणजे ५० मिमी लेन्सला २.५ मीटर आणि ३०० मिमीला १५ मीटर. दिवसाचा भरपूर उजेड, सर्वांत मोठे ॲपर्चर, स्टॅबिलायझर बंद, शटरसाठी टायमर. तिरकी पट्टी ठेवून तिच्यावरच फोकस करायचा, ही लोकप्रिय पद्धत फसवी आहे. सेन्सरच्या टप्प्यात पट्टीवरचे जवळचे आणि लांबचे दोन्ही आकडे येतात आणि त्याने नेमका कोणता पकडला ते कळत नाही. पट्टी हवी तर पानाच्या शेजारी ठेवावी. फोकस सपाट पानावरच करावा.

आता लाइव्ह व्ह्यू सुरू करून, प्रतिमा पडद्यावर मोठी करून एक फोटो घ्यावा. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर असतो आणि फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे दोन रस्त्यांचा प्रश्नच येत नाही. हा फोटो आपला मापदंड. मग लाइव्ह व्ह्यू बंद करून व्ह्यूफाइंडरमधून चार-सहा फोटो घ्यावेत. प्रत्येक फोटोआधी फोकसची रिंग एकदा अनंताकडे, एकदा अगदी जवळ फिरवून ठेवावी, म्हणजे कॅमेऱ्याला दर वेळी नव्याने शोध घ्यावा लागेल.

निकाल तीन प्रकारचे असतात. सगळे फोटो मापदंडाइतकेच स्पष्ट असतील, तर कॅमेरा ठणठणीत आहे. सगळे एकसारखेच पुढे किंवा मागे गेले असतील, तर जुळणी बिघडली आहे आणि ती दुरुस्त होते. काही पुढे, काही मागे, काही बरोबर असे विखुरलेले असतील, तर मेनूमधल्या कुठल्याही आकड्याने ते एकत्र येणार नाहीत. विखुरण्याचे कारण ट्रायपॉडच्या डगमगण्यात, उजेडात किंवा लेन्सच्या झिजलेल्या यंत्रणेत शोधावे लागते.

एकसारख्या चुकीसाठी २००७ पासून वरच्या श्रेणीच्या मॉडेलांत सोय आली. कॅनन तिला एएफ मायक्रोॲडजस्टमेंट म्हणते, निकॉन एएफ फाइन ट्यून. दोन्हींत उणे २० ते अधिक २० असे टप्पे असतात. अधिककडे गेले की फोकस कॅमेऱ्यापासून दूर सरकतो, उण्याकडे गेले की जवळ येतो. ही नोंद कॅमेरा लेन्सनिहाय लक्षात ठेवतो. २०१२ च्या ५डी मार्क ३ आणि १डी एक्समध्ये झूम लेन्सच्या दोन टोकांसाठी वेगळे आकडे देता येऊ लागले. २०१६ मध्ये निकॉनच्या डी५ आणि डी५०० नी लाइव्ह व्ह्यूशी ताडून हा आकडा स्वतःच काढायला सुरुवात केली. सिग्मा आणि टॅमरॉनने वेगळा मार्ग धरला. त्यांच्या अनेक लेन्स छोट्या डॉकवर बसवून संगणकाला जोडता येतात आणि जवळच्या-लांबच्या अंतरांसाठी वेगवेगळी दुरुस्ती करता येते.

निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० सारख्या किंवा कॅननच्या १३००डी सारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांत ही सोय नाही. कॅननने तर ५०डी मध्ये दिलेली सोय ६०डी मधून काढून घेतली आणि ७०डी मध्ये परत आणली. सोय नसलेल्यांनी ॲपर्चर थोडे बंद करावे, ट्रायपॉडवरच्या कामासाठी लाइव्ह व्ह्यू वापरावा, आणि चूक मोठी असेल तर बॉडी व लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्याव्यात. सोबत चाचणीचे मूळ फोटो द्यावेत. नुसते ‘फोकस बरोबर नाही’ म्हटले तर तंत्रज्ञाला फार काही कळत नाही.

मिररलेस कॅमेऱ्यात फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जात असल्यामुळे दोन रस्त्यांचे हे भांडण उरलेले नाही. बहुतेक कंपन्यांचे नवे काम आता त्याच बाजूला चालते. त्यामुळे चांगले डीएसएलआर जुन्या बाजारात बऱ्याच कमी किमतीत मिळू लागले आहेत. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात असा कॅमेरा हातात आला, तर शटर किती वेळा चालले आहे या आकड्याबरोबर वरची चाचणीही तिथेच उरकून घ्यावी. मोठ्या ॲपर्चरची लेन्स लावून समोरच्या दुकानाच्या पाटीवर एक फोटो लाइव्ह व्ह्यूने आणि काही व्ह्यूफाइंडरमधून, तेही मधल्याबरोबर डाव्या-उजव्या पॉइंटनीसुद्धा. सगळे पॉइंट सारखेच चुकत असतील आणि मेनूत दुरुस्तीची सोय असेल, तर सौदा करायला हरकत नाही. एकाच बाजूचे पॉइंट चुकत असतील तर मात्र फोकसच्या यंत्रणेची बैठकच तिरकी असण्याची शक्यता मोठी. मेनूतला आकडा सगळ्या पॉइंटना सारखाच लागू होतो, त्यामुळे तिथे तो कामाचा नाही. दुरुस्तीचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावी लागतील.